सगळ्यात भारी स्पार्क प्लग कुठला? आधी जुना प्लग काढून बघा

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, त्यांची ओळख बाजूला ठेवून थोडक्यात सांगतो. त्यांच्याकडे बारा वर्षांची चार सिलेंडरची पेट्रोल गाडी आहे, दोन वर्षांपूर्वी सेकंडहॅन्ड घेतलेली, मीटरवर १ लाख १० हजार किलोमीटर झालेत. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला आळीपाळीने करंट वाटणारा जुन्या गाड्यांमधला भाग) नाही, एकच कॉईल पॅक (ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारा भाग) आहे आणि त्यातून चार प्लगना चार वायरी जातात. गेले काही महिने सकाळी चालू केल्यावर गाडी थरथरते, आणि चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दिली की झटके मारते. मेकॅनिक म्हणतो ट्यूनिंग करून टाकू, प्लग वायरी कॉईल सगळंच नवीन. मोठा भाऊ म्हणतो इरिडियम प्लग टाक आणि त्या जाड रंगीत वायरी मिळतात त्या घे, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेजही वाढेल. ताई लिहितात, "भावाला दुखवायचं नाहीये आणि मेकॅनिककडून फसायचंही नाहीये. सोळा वर्षांच्या लेकीला हाताशी घेऊन हे काम घरीच करायचं ठरवलंय. मला फक्त सगळ्यात भारी प्लग कुठला आणि सगळ्यात भारी वायर कुठली तेवढं सांगा. आणि हो, पाऊस पडून गेला की त्रास जास्त होतो, गाडी गरम झाली की बराच कमी होतो."

ताई, पत्राच्या शेवटी "आणि हो" म्हणून तुम्ही जे लिहिलंत ना, तिथेच मी थांबलो, कारण माझ्या मते सगळ्या पत्रात कामाचं वाक्य तेच आहे. ओल असताना त्रास जास्त आणि गरम होऊन सगळं सुकलं की कमी, हे लक्षण प्लगपेक्षा वायरीकडे आणि वायरीच्या टोकाला जी रबरी टोपी असते तिच्याकडे जास्त बोट दाखवतं. प्लग सिलेंडरच्या आत असतो, त्याच्या टोकाला बाहेरच्या पावसाचा काही पत्ता नसतो. वायर मात्र बाहेर असते, बारा वर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजून निघालेली असते, आणि तिच्या रबराला केसाएवढी चीर जरी गेली तरी ओलावा आला की करंटला पळायला वाट मिळते. म्हणजे तुम्ही विचारताय भारी प्लग कुठला, आणि गाडी कदाचित प्लगबद्दल बोलतच नाहीये.

कदाचित म्हणतोय, कारण दुसरं लक्षण आहे चढावरचं. प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडायला साधारण दहा हजार ते तीस हजार व्होल्ट लागतात, आणि सिलेंडरमधला दाब जितका जास्त तितके व्होल्ट जास्त लागतात. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दिली की दाब सगळ्यात जास्त असतो, म्हणून जे काही कमजोर झालंय ते तिथेच उघडं पडतं. मग ती झिजून मोठी झालेली प्लगची फट असेल, चिरलेली वायर असेल नाहीतर थकलेली कॉईल असेल. आणि हे तिन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं बरं का, प्लग झिजला की फट वाढते, फट वाढली की कॉईलला जास्त व्होल्ट काढावे लागतात, आणि वाढलेले व्होल्ट मग वायरीचं रबर फोडून सोपी वाट शोधतात. त्यामुळे जुने प्लग तसेच चालवत राहिलात तर नवीन वायरी आणि कॉईलही लवकर खराब होतात. मेकॅनिकने तिन्ही एकदम सांगितलं त्यामागे हा अनुभव असू शकतो, तो फसवतोच आहे असं लगेच धरू नका. पण कॉईल तपासल्याशिवाय बदलायची नाही एवढं मात्र मी ठामपणे सांगेन.

आता "सगळ्यात भारी" या शब्दाकडे येतो, कारण असं विचारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. स्पार्क प्लगमध्ये सगळ्यात भारी असं काही नसतं, तुमच्या इंजिनचा प्लग असतो आणि बाकीचे नसतात. इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं की आटे किती जाडीचे, आटे किती लांब, फट किती, आणि प्लगने उष्णता किती वेगाने सोडायची. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि त्याकडेच कुणी बघत नाही. त्याला हीट रेंज म्हणतात. चालू इंजिनात प्लगचं टोक साधारण ५०० डिग्री सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे म्हणजे त्याच्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते, आणि ८५० च्या वगैरे वर जाता कामा नये, नाहीतर टोक निखाऱ्यासारखं लाल होऊन ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवायला लागतं, त्यात पिस्टनला भोकसुद्धा पडू शकतं. गरम प्लग म्हणजे उष्णता हळू सोडणारा, थंड प्लग म्हणजे पटकन सोडणारा. थंड प्लग टाकला की ताकद वाढते असं बरेच जण मानतात पण तसं नाहीये, साध्या रोजच्या गाडीत थंड प्लगवर फक्त काजळी साचत राहते.

आणि यात गंमत म्हणजे आकडे कंपनीप्रमाणे उलटे होतात. एनजीके आणि डेन्सोच्या नंबरात आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनच्या नंबरात आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. त्यामुळे एका कंपनीचा ६ होता म्हणून दुसरीचा ६ उचलायचा, असं चालत नाही. एनजीकेचा अगदी साधा नंबर घ्या, बीपीआर६ईएस. यात बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे टोक पुढे आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर (विद्युत गोंगाट कमी करणारा रोधक) आहे, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आणि मागे -११ असेल तर फट १.१ मिलिमीटर. म्हणजे प्लगच्या अंगावरच सगळं लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लेकीला आत्ताच लावा. लांबी चुकली तर काय होतं तेही सांगतो. जास्त लांब प्लग आत घुसून पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला धडकू शकतो, आखूड प्लग कोनाड्यात बसल्यासारखा बसतो आणि रिकाम्या आट्यांवर काजळी जमते, मग पुढच्या वेळी बरोबर प्लगसुद्धा नीट आत जात नाही.

तुमच्या गाडीचं मॅन्युअल काढा, त्यात प्लगचा नंबर असतो. आधीच्या मालकाकडून मॅन्युअल मिळालं नसेल तर प्लग बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिन टाकून बघा. आत्ता गाडीत जो बसलाय त्याचाच नंबर बघून तसाच आणायचा हे मात्र करू नका, आधीच्या मालकाने काय बसवलं होतं ते तुम्हाला कुठे माहितीय.

भाऊ म्हणतात ते इरिडियम. धातूंचं गणित असं आहे की साध्या प्लगच्या टोकाला निकेलचा मिश्रधातू असतो, निकेल १४५५ डिग्रीला वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम २४४६ ला. (ज्याला सगळे कॉपर प्लग म्हणतात त्याचंही टोक निकेलचंच असतं, तांबं आतल्या गाभ्यात असतं, आणि तसं तांबं बहुतेक महागड्या प्लगच्या गाभ्यातही असतं.) इरिडियम इतकं कणखर असल्यामुळे मधलं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटरचं, सुईसारखं करता येतं, निकेलचं टोक मात्र साधारण अडीच मिलिमीटरचं ठेवावं लागतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टमध्ये उडते आणि टोक झिजतही कमी. म्हणून साधा प्लग साधारण तीस-चाळीस हजार किलोमीटर चालतो आणि चांगला इरिडियम लाखाच्या आसपास. म्हणजे इरिडियममुळे खरोखर मिळतं ते आयुष्य. पिकअप आणि अ‍ॅव्हरेज वाढल्यासारखं वाटतं ते झिजलेले प्लग जाऊन नवे आल्यामुळे, आणि ते नव्या निकेलच्या प्लगनेही वाटलं असतं.

पण म्हणून स्वस्त निकेल घ्या असंही मी म्हणणार नाही, कारण तुमची गाडी एका कॉईल पॅकची आहे. अशा बऱ्याच गाड्यांमध्ये कॉईल दोन-दोन प्लगच्या जोडीला एकदम ठिणगी देते, चार सिलेंडरमध्ये बहुतेक १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी. जोडीतल्या एका प्लगमध्ये करंट मधल्या टोकाकडून बाहेरच्या टोकाकडे जातो आणि दुसऱ्यात उलटा. त्यामुळे दुसऱ्याचं बाहेरचं टोक जास्त झिजतं. म्हणून अशा गाड्यांसाठी दोन्ही टोकांना प्लॅटिनम असलेले प्लग, म्हणजे डबल प्लॅटिनम, किंवा दोन्हीकडे किमती धातू असलेले इरिडियम सांगितलेले असतात. मॅन्युअलमध्ये असं काही लिहिलेलं असेल तर तेच घ्या, तिथे काटकसर करू नका. आणि मॅन्युअलमध्ये साधा निकेल असेल तर निकेल घ्या नाहीतर त्याच हीट रेंजचा आणि त्याच मापाचा इरिडियम घ्या, दोन्ही चालतं, प्लगपर्यंत हात पोचायला कठीण असेल तर इरिडियम घेतलेलं मला पटतं कारण परत लवकर उघडावं लागत नाही. भावालाही हे असंच सांगा, त्यांचं म्हणणं चूक नाहीये, फक्त कारण वेगळं आहे. तीन-चार टोकांवाले प्लगही दाखवतील तुम्हाला, त्यात एका वेळी ठिणगी एकाच टोकावर पडते, बाकीची वाट बघत असतात, त्यामुळे गाडीला तेच सांगितलेले नसतील तर त्यांच्या मागे लागू नका.

आता वायरी, आणि इथे जरा वेळ घालवा कारण माझा संशय इथेच आहे.

वायरीची जाडी बघून फसू नका. ७, ८, १० मिलिमीटर जे म्हणतात त्यात बहुतेक भाग बाहेरच्या सिलिकॉन रबराचा असतो, करंट नेणारा गाभा आत बारीकच असतो. जाड रबर उष्णतेला आणि गळतीला थोडं जास्त टिकतं, पण जाड वायर क्लिपमध्ये बसली नाही आणि लोंबकळून गरम सायलेन्सरच्या पाइपाला टेकली तर तीच आधी जळणार. गाभ्याचे तीन प्रकार. कार्बन भरलेल्या दोऱ्याचा, जो बहुतेक गाड्यांना मूळचा असतो, चांगला असतो पण वर्षांनी आतून तुटतो. दुसरा बारीक तार गुंडाळलेला स्पायरल, जो जास्त टिकतो आणि रेडिओची खरखरही आवरतो, बदलताना मी हाच बघतो. तिसरा सरळ तांब्याच्या तारेचा, तो इंजेक्शनच्या आणि कॉम्प्युटरच्या गाडीत अजिबात घालू नका, त्यातून इतका विद्युत गोंगाट होतो की सेन्सरचे सिग्नल बिघडू शकतात. प्लगमधला रेझिस्टरसुद्धा याचसाठी असतो, म्हणून नंबरात आर असेल तर आरवालाच घ्यायचा. आणि वायरी सुट्या नकोत, तुमच्या गाडीच्या मापाचा पूर्ण सेट घ्या, प्रत्येकीची लांबी वेगळी असते.

पण विकत घ्यायच्या आधी तपासा. माझ्या एका जुन्या गाडीने मला हे शिकवलं. ओल्या सकाळी मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटतच नाही, मी प्लग बदलले, परत मिसिंग, परत प्लग बदलले. शेवटी एका रात्री अंगणातला दिवा घालवून बोनेट उघडलं आणि गाडी चालू ठेवून नुसता उभा राहिलो. अर्ध्या मिनिटाने डोळे अंधाराला सरावले आणि तिसऱ्या वायरीच्या टोपीपासून इंजिनच्या हेडपर्यंत (प्लग ज्यात बसतात तो इंजिनचा वरचा भाग) एक निळी रेघ दिसली, केसाएवढी, तुटत जुळत, आणि कान देऊन ऐकलं तर टिक टिक टिक. सकाळी टोपी काढून पाहिली तर रबराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेष होती, आणि तशीच प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर. ती काळी रेष म्हणजे करंटने जाळून पाडलेली पायवाट, एकदा पडली की पुसून जात नाही, वायर आणि प्लग दोन्ही बदलावे लागतात.

तुम्हीही हे करून बघा. गाडी उघड्या जागेवर ठेवा, बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनापाशी उभं राहू नका, धूर जीवघेणा असतो. ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या पंख्यापासून लांब. स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचं हलकं धुकं मारा आणि हात न लावता नुसतं बघा, ऐका. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी जवळ येऊ नये. दुसरी तपासणी मल्टिमीटरची. गाडी बंद, वायर काढून दोन्ही टोकांना पिना लावा. कार्बनच्या वायरीत काही हजार ओहम येतात, लांब वायरीत जास्त, आखूड वायरीत कमी, ते ठीक आहे. एखादीचा आकडा तिच्या लांबीच्या मानाने फारच वर गेला, किंवा वायर हलवली की आकडा उड्या मारतो, किंवा मीटर काहीच दाखवत नाही, तर ती आतून तुटलीय. नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये मिळेल. बारा वर्षांच्या मूळ वायरी असतील तर एक गेली म्हणजे बाकीच्या मागोमाग जाणार, तेव्हा सेटच बदला.

मग प्लग काढा. इंजिन पूर्ण थंड असताना, अ‍ॅल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग फिरवला तर आटे सोलून निघतात. टोपी पिळून सोडवायची आणि मग ओढायची, वायर धरून कधीच ओढायची नाही, आतला गाभा तिथेच तुटतो. प्लगच्या खड्ड्यातली धूळ आधी फुंकून काढा नाहीतर प्लग निघाल्याबरोबर ती थेट सिलेंडरमध्ये पडते. आणि एका वेळी एकच वायर, एकच प्लग, म्हणजे वायरींची अदलाबदल होणार नाही.

निघालेले चार प्लग कागदावर १ ते ४ लिहून ओळीने मांडा, लेकीला सांगा हा आपल्या इंजिनचा रिपोर्ट आहे. टोकाभोवतीची चिनी माती फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर आत सगळं बरं आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा हीट रेंज थंड आहे. ओलं तेलकट काळं म्हणजे ऑइल आत येतंय, त्याला कुठलाही भारी प्लग उपाय नाही. पांढरंफटक, फोड आल्यासारखं टोक म्हणजे अति गरम, तिथे काम थांबवून आधी कारण शोधा. चारही सारखे दिसले तर झीज, एकच वेगळा दिसला तर त्या सिलेंडरचं काहीतरी आहे, वायर असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल, पिस्टनची रिंग असेल. मातीच्या बाहेरच्या भागावर लोखंडी कड्याजवळ पिवळट डाग दिसला तर घाबरू नका, तो साधा असतो.

नवे प्लग लावताना फट तपासाच, डब्यावर आधीच सेट केलेलं लिहिलं असलं तरी. इरिडियम-प्लॅटिनमला ती नाण्यासारखी गोल उताराची पट्टी घालून फट वाढवू नका, बारीक टोक मोडतं, तारेचा गेज वापरा आणि वाकवायचंच झालं तर फक्त बाहेरचं टोक हळूच वाकवा, मधल्याला स्पर्शही नको. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका, मातीला न दिसणारी चीर जाते. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवा आणि त्यानेच आटे धरवा, प्लग तिरका लागत असेल तर नळी घसरते आणि तुम्हाला कळतं, पान्याने ते कळत नाही आणि हेडचे आटे जातात. हाताने पूर्ण बसला की वॉशर असलेला नवा प्लग पान्याने साधारण अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत घट्ट करायचा, निमुळत्या बुडाचा बिनवॉशरचा असेल तर फेऱ्याचा सोळावा भाग बास. टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) मिळाला तर मॅन्युअलचा आकडा लावा, सर्वात उत्तम. आट्यांना ग्रीस लावायचा मोह होईल, पण आजकालच्या प्लगवर आधीच मुलामा असतो, आणि ग्रीसमुळे पाना गरजेपेक्षा जास्त आवळतो, तेव्हा नको. टोपीच्या आतल्या कडेला मात्र सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं) बोटाने थोडं फिरवा, ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी टोपी फाटत नाही. टोपी दाबली की टक असा आवाज किंवा बसल्याची जाणीव आली पाहिजे. वायरी मूळच्या क्लिपांमधूनच न्या, दोन वायरी लांबपर्यंत एकमेकींना चिकटून नेऊ नका.

ज्या वाचकांच्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉईल बसलेली आहे त्यांना वायरींची भानगडच नाही, त्यांनी कॉईलखालची रबरी टोपी याच नजरेने बघावी, आणि स्कॅनरवर पी०३०१ सारखा कोड आला, म्हणजे पहिला सिलेंडर मिसिंग, तर त्याची कॉईल दुसऱ्या सिलेंडरवर लावून कोड तिकडे जातो का पाहावं. गेला तर कॉईल, नाही गेला तर पुढे शोधा. डिझेलवाल्यांना यातलं काहीच लागू नाही. आणि मिसिंग असताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी पुढे रेटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाग प्लग-वायरींपेक्षा कितीतरी महाग असतो.

तर ताई, तुमच्यासाठी क्रम असा. आज रात्री अंधारात बघणं. उद्या सकाळी वायरी मोजणं आणि चार प्लग काढून कागदावर मांडणं. मग मॅन्युअलमधल्या नंबराचे चार प्लग आणि गाडीच्या मापाचा वायरींचा सेट, दोन्ही एकदमच, कारण १ लाख १० हजारावर कधी बदलले याचा हिशोब तुमच्याकडे नाहीये. कॉईलला आत्ता हात नको. हे सगळं होऊनही चढावर झटके राहिले तरच मेकॅनिककडे जा, आणि जाताना ते जुने चार प्लग नंबर घातलेल्या कागदासकट घेऊन जा, त्याला म्हणा हे बघून सांग दादा, कॉईल मोजून दे. आणि नवे बसवल्यावर किलोमीटर आणि प्लगचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, लेकीच्या अक्षरात.